लिंकनने न लिहिलेले पत्र

आपल्या गणेशोत्सवातील बालकार्यक्रमात दरवर्षी एक तरी मूल अब्राहम लिंकनचे हेडमास्तरांना पत्र म्हणून दाखवते. मागच्या वर्षी ते आमच्या धाकटीने म्हटले. वसंत बापट यांनी मराठीत आणलेले हे पत्र आपल्यापैकी बहुतेकांनी गावाकडच्या शाळेत भिंतीवर फ्रेममध्ये पाहिले आहे. कोणी ते वहीत उतरवून घेतले, कोणी बदली होऊन इतक्या लांब येताना ट्रंकेत घालून बरोबर आणले. मुलीकडून ते मीच पाठ करून घेतले होते. तिला पहिले बक्षीस मिळाले. त्याच रात्री तिने गावी आजीलाही ते फोनवरून म्हणून दाखवले.

दोन दिवसांनी तिने विचारले, की लिंकनने हे पत्र कोणत्या वर्षी लिहिले आणि त्या हेडमास्तरांचे नाव काय. मला सांगता येईना. रविवारी बघून सांगतो म्हटले. बघायला गेलो तर पत्राच्या कुठल्याच छापील प्रतीवर तारीख नाही, शाळेचे नाव नाही, मुलाचेही नाव नाही. लिंकनच्या लेखनाचे आठ खंड अमेरिकेत १९५३ साली प्रसिद्ध झाले आहेत. त्यात दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा तारखेनिशी दिल्या आहेत. हे पत्र मात्र त्यात नाही. लिंकनचे अभ्यासक ते त्यांचे मानत नाहीत.

मोठी पंचाईत झाली. मुलांना प्रामाणिकपणा शिकवणारे पत्र, आणि खालची सहीच खरी नाही! आता मुलीला काय सांगायचे? तिचे बक्षीस शोकेसमध्ये ठेवलेले. मी तीन-चार रविवार टाळाटाळ केली. आम्हा रेल्वेमार्गाच्या लोकांकडे मेजरमेंट बुक असते. न मोजता त्यात आकडा भरला तर पान सुबक दिसते, पण रूळ काही ते पान वाचत नाही. नव्याने नोकरीला लागलेल्या प्रत्येक मुलाला मी हे बजावून सांगतो. घरात मात्र मीच न मोजलेला आकडा तसाच ठेवून बसलो होतो.

शेवटी लिंकनचे चरित्र नीट वाचायला घेतले आणि रोज रात्री जेवण झाल्यावर थोडे थोडे मुलीला सांगितले. तेच येथे थोडक्यात देत आहे.

अब्राहमचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात झाला. वडील थॉमस शेती आणि सुतारकाम करीत. आईचे नाव नॅन्सी. अब्राहम सात वर्षांचा असताना, १८१६ साली, हे कुटुंब इंडियानाच्या जंगलात राहायला गेले. तिथे १८१८ मध्ये आई वारली. विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईचे दूध प्यायल्याने होणारा तो आजार होता. पुढच्याच वर्षी वडिलांनी सारा बुश जॉन्स्टन या विधवा बाईंशी लग्न केले. सावत्र आई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते त्याच्या ही माउली अगदी उलट निघाली. अब्राहमच्या वाचनाला तिनेच पाठीशी घातले. सगळे मिळून एक वर्षसुद्धा आपण शाळेत गेलो नाही, असे लिंकननेच पुढे लिहून ठेवले आहे.

पुस्तके मागून आणावी लागत. एकदा शेजारच्या क्रॉफर्ड नावाच्या शेतकऱ्याकडून आणलेले जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र पावसात भिजून खराब झाले. भरपाईला पैसे नव्हते, म्हणून अब्राहमने त्याच्या शेतात राबून किंमत फेडली.

वॉशिंग्टन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांची कुऱ्हाडीची गोष्ट आपल्याकडेही सर्वांना ठाऊक आहे. लहानग्या जॉर्जने वडिलांच्या आवडत्या चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि विचारल्यावर खोटे न बोलता कबूल केले. ही गोष्ट मेसन वीम्स नावाच्या लेखकाने आपल्या वॉशिंग्टन चरित्रात घातली. वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले, चरित्र १८०० मध्ये आले आणि झाडाची गोष्ट त्यात १८०६ च्या आवृत्तीपासून दिसू लागली. तिला दुसरीकडे कुठेही पुरावा सापडलेला नाही. म्हणजे खरे बोलावे हे मुलांना शिकवायला एक रचलेली गोष्ट दोनशे वर्षे सांगितली जात आहे. आपल्या हेडमास्तरांच्या पत्राची ही थोरली बहीणच म्हणायची.

लिंकनने लहानपणी हे वीम्सचे पुस्तक वाचले होते. पुढे राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे हाती घ्यायला निघाले असताना, २१ फेब्रुवारी १८६१ रोजी, न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे त्यांनी त्या पुस्तकाची आठवण सांगितली. पण चेरीचे झाड त्यांनी काढले नाही. डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनला लढलेल्या सैनिकांचे हाल त्यांच्या मनात राहिले होते. एवढे सोसणारी माणसे कशासाठी लढत असतील, असा विचार त्या वयातही आपल्या मनात आल्याचे त्यांनी सांगितले. मुलांच्या मनात काय रुजेल याचा अंदाज मोठ्यांना येत नाही हेच खरे.

१८३० साली कुटुंब इलिनॉय राज्यात आले. पुढच्या वर्षी बावीस वर्षांचे लिंकन न्यू सेलम या लहानशा वस्तीत एका दुकानात नोकरीला लागले. १८३२ मध्ये ते विधानसभेची निवडणूक हरले, पण न्यू सेलमच्या ३०० मतांपैकी २७७ मते त्यांना पडली. जे लोक त्यांना रोज पाहत होते त्यांनी दिलेले हे प्रशस्तिपत्रच होते.

पुढे त्यांनी बेरी नावाच्या भागीदाराबरोबर स्वतःचे दुकान काढले. ते बुडाले. १८३५ मध्ये बेरीही वारला आणि मागे काही ठेवले नाही. सुमारे ११०० डॉलरचे कर्ज एकट्या लिंकनवर आले. त्या सरहद्दीच्या मुलखात कर्जबाजारी माणसाने रातोरात गाव सोडून पश्चिमेकडे निघून जाणे ही नवलाची गोष्ट नव्हती. लिंकन गेले नाहीत. आपले राष्ट्रीय कर्ज असे ते त्याला गमतीने म्हणत आणि पुढे अनेक वर्षे ते फेडत राहिले.

त्या काळात पोटासाठी ते गावचे पोस्टमास्तर झाले आणि जमीन मोजणीचे कामही त्यांनी पत्करले. मोजणीतले काही येत नव्हते. पुस्तके मिळवून स्वतःच शिकले आणि होकायंत्र व साखळी घेऊन रानात उतरले. आम्हा डिप्लोमावाल्यांना हा भाग विशेष जवळचा वाटेल. कर्जापायी सावकाराने त्यांचा घोडा आणि मोजणीची उपकरणेही जप्त करून लिलावात काढली. एका मित्राने ती विकत घेऊन त्यांना परत दिली, म्हणून काम चालू राहिले. प्रामाणिक माणसाच्या मागेही कोणीतरी उभे राहावे लागते, हे इथे मुलांना सांगण्यासारखे आहे.

१८३४ साली लिंकन विधानसभेवर निवडून आले. १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळाली आणि १८३७ मध्ये ते स्प्रिंगफील्डला राहायला गेले. १८४२ मध्ये मेरी टॉड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना चार मुलगे झाले. त्यातले दोघे लिंकनच्या डोळ्यांदेखत गेले, एडवर्ड १८५० मध्ये आणि विली १८६२ मध्ये.

वकिलीविषयीच्या एका टिपणात त्यांनी तरुणांना सल्ला दिला आहे, की प्रामाणिक वकील होणे जमत नसेल तर वकिली सोडावी आणि प्रामाणिक राहावे. रेल्वेची अनेक प्रकरणे त्यांच्याकडे असत. मिसिसिपी नदीवरचा पहिला रेल्वे पूल १८५६ मध्ये रॉक आयलंडला सुरू झाला. काही दिवसांतच एक आगबोट त्याच्या खांबावर आदळून जळाली. बोटवाल्यांनी पूल कंपनीवर दावा लावला. लिंकनने पूल कंपनीच्या बाजूने नदीच्या प्रवाहाची आणि बोटींच्या फेऱ्यांची मोजमापे कोर्टापुढे ठेवली. नदीतून जाण्याचा जेवढा हक्क आहे तेवढाच नदी ओलांडण्याचाही आहे, असा त्यांचा मुद्दा होता. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पूल वाचला. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला त्यांनी एक मोठा करविषयक खटला जिंकून दिला. कंपनीने फी देण्यास खळखळ केली, तेव्हा १८५७ मध्ये त्यांनी कंपनीवरच दावा लावून ५००० डॉलर वसूल केले. प्रामाणिक म्हणजे भोळा नव्हे!

आता न आवडणारा भागही सांगायला हवा, कारण तो वगळला तर हा लेखही त्या पत्रासारखाच होईल. १८४७ साली मॅट्सन नावाच्या गुलाममालकाने पळालेली एक स्त्री आणि तिची मुले परत मिळावीत म्हणून इलिनॉयच्या कोर्टात धाव घेतली. त्याच्या वकिलांमध्ये लिंकन होते. सुदैवाने ते हरले आणि ते कुटुंब मुक्त झाले. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी डग्लस यांच्याशी त्यांचे सात जाहीर वादविवाद झाले. त्यात गुलामगिरी ही नीतीने चूक आहे हे त्यांनी ठामपणे मांडले. पण चार्ल्सटनच्या सभेत, आपण काळ्या-गोऱ्यांच्या सामाजिक व राजकीय समतेच्या बाजूचे नाही, असेही ते बोलले. मुलीला हे ऐकून फार वाईट वाटले. मी तिला एवढेच सांगितले, की माणूस एका दिवसात मोठा होत नाही. पुढचे ऐक.

१८६० च्या मे महिन्यात डेकेटर येथे पक्षाची राज्य परिषद भरली. लिंकनच्या एका नातेवाइकाने कुंपणाचे दोन लाकडी दांडे मंडपात आणले आणि हे लिंकनने तरुणपणी स्वतः फोडलेले दांडे आहेत असा फलक त्यांना लावला. मंडप टाळ्यांनी दणाणला. अशा वेळी नुसते हात जोडून उभे राहिले असते तरी चालले असते. लिंकन मात्र म्हणाले, की हेच दांडे आपण फोडले असे खात्रीने सांगता येत नाही, पण असे आणि याहून चांगले पुष्कळ फोडले आहेत.

ही हकीकत वाचली आणि माझ्या मनातली टाळाटाळ संपली. न फोडलेल्या दांड्याचे श्रेय ज्या माणसाने भर सभेत घेतले नाही, त्याच्या नावावर न लिहिलेले पत्र आपण का ठेवावे? दुसऱ्या दिवशी मी मुलीला सर्व सांगून टाकले.

तिने लगेच विचारले, की मग लिंकनने मुलांना खरी पत्रे लिहिलीच नाहीत का. लिहिली आहेत, आणि ती त्या पत्राहून साधी व गोड आहेत. त्यातली तीन सांगतो.

त्यांचा थोरला मुलगा रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. वडिलांची ओळख वापरून मागच्या दाराने तो आत गेला नाही. एक्झिटर येथील शाळेत वर्षभर पुन्हा अभ्यास करून त्याने १८६० मध्ये प्रवेश मिळवला. त्याच वर्षी त्याचा मित्र जॉर्ज लॅथम याच परीक्षेत नापास झाला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. कामाच्या एवढ्या धबडग्यात, २२ जुलै १८६० रोजी, त्यांनी त्या मुलाला पत्र लिहिले. तुझ्या अपयशाची बातमी कळून फार वाईट वाटले, पण खचण्याचे कारण नाही, एकदा हात घातला आहेस तर आता यश मिळवायचेच, आणि हरायचे नाही असा पक्का निश्चय केलास तर तू हरणार नाहीस, असा त्याचा आशय आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या कॉलनीतील घराघरांत वाचावे असे हे पत्र आहे.

दुसरे पत्र ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीला. तिने ऑक्टोबर १८६० मध्ये लिंकनना कळवले, की तुमचा चेहरा फार किडकिडीत दिसतो, दाढी ठेवलीत तर मते जास्त मिळतील. लिंकनने चार दिवसांत उत्तर पाठवले. आपल्याला मुलगी नाही याची खंत त्यांनी लिहिली, तीन मुलांची वये कळवली आणि दाढीबद्दल एवढेच विचारले, की कधीच ठेवली नव्हती, आता अचानक ठेवली तर लोकांना ते सोंग वाटणार नाही का? वचन काही दिले नाही. लहान मुलीला खूश करायला हो म्हणणे किती सोपे होते! पुढे त्यांनी दाढी वाढवली, आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये वॉशिंग्टनला जाताना आगगाडी तिच्या गावी थांबली तेव्हा गर्दीतून तिला बोलावून घेऊन ती दाखवली.

तिसरे पत्र यादवी युद्धातले. फॅनी मॅकलॉ या मुलीचे वडील लिंकनच्या ओळखीचे होते. ते डिसेंबर १८६२ मध्ये लढाईत पडले. ती खोलीत कोंडून घेऊन बसली आहे असे समजल्यावर लिंकनने तिला पत्र लिहिले. दुःख लगेच हलके होईल असे खोटे आश्वासन त्यात नाही. काळ जावा लागतो, आत्ता तुला हे पटणार नाही, पण तू पुन्हा सुखी होशील आणि हे मी अनुभवाने सांगतो आहे, अशा अर्थाचे ते आहे. नवव्या वर्षी आई गेलेली आणि त्याच वर्षी विली गेलेला. त्या पत्रातला एकही शब्द उसना नाही.

६ नोव्हेंबर १८६० रोजी लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. दक्षिणेकडील गुलामगिरीची राज्ये फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. युद्ध चालू असतानाच १ जुलै १८६२ रोजी पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या रेल्वेच्या कायद्यावर त्यांनी सही केली. तिच्यासाठी त्यांनी पाच फुटांचे गेज ठरवले होते. संसदेने १८६३ मध्ये ते फिरवून चार फूट साडेआठ इंच केले. हा मार्ग १८६९ मध्ये पूर्ण झाला. तो बघायला लिंकन नव्हते.

१ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली. नववर्षाच्या भेटीला आलेल्या लोकांशी सकाळपासून हस्तांदोलन करून लिंकनचा हात थरथरत होता. सही कापरी आली तर कचरत सही केली असे लोक म्हणतील, म्हणून ते थोडे थांबले आणि मग सावकाश ठळक सही केली. ही घोषणा बंडखोर राज्यांपुरतीच होती. संघराज्यात राहिलेल्या गुलामगिरीच्या राज्यांना, खुद्द त्यांच्या जन्मराज्य केंटकीलाही, ती लागू नव्हती. हे अपुरेपण त्यांना माहीत होते. म्हणूनच घटनेत दुरुस्ती करून गुलामगिरी मुळातून काढण्यासाठी त्यांनी सर्व शक्ती लावली. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहाने ती मंजूर केली. तिला अंतिम रूप डिसेंबर १८६५ मध्ये आले.

त्याआधीच, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, नाटक पाहत असताना लिंकनवर गोळी झाडण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. त्यांच्या खिशात सापडलेल्या वस्तूंत दोऱ्याने बांधून दुरुस्त केलेला चष्मा होता. २१ एप्रिलला त्यांची अंत्ययात्रा आगगाडीने निघाली आणि गावोगावी थांबत ३ मे रोजी स्प्रिंगफील्डला पोचली. बरोबर लहानग्या विलीची शवपेटीही होती.

या माणसाची थोरवी कशी सांगावी याचा धडा फ्रेडरिक डग्लस यांनी घालून दिला आहे. ते स्वतः जन्माने गुलाम, पळून मुक्त झालेले. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणाला, राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना, ते स्पष्ट बोलले. लिंकन प्रथम गोऱ्यांचे अध्यक्ष होते, त्यांनी उशीर केला, हे त्यांनी लपवले नाही. आणि गुलामगिरीचा शेवट याच माणसाच्या हातून झाला, त्याचे ऋण आम्ही मानतो, हेही तितक्याच मनापासून सांगितले. दोष सांगूनही आदर कमी झाला नाही, उलट तो खरा वाटला.

अमेरिकेतील या लढ्याची दखल आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी फार लवकर घेतली. १८७३ साली प्रसिद्ध झालेले गुलामगिरी हे पुस्तक त्यांनी, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले आहे. लिंकनशी आपले नाते जोडायला मराठी माणसाला न लिहिलेल्या पत्राची गरज नाही. हे नाते छापील आणि तारखेनिशी आहे.

सर्व ऐकून झाल्यावर मुलीने बक्षीस परत करायचे का असे विचारले. मी नाही म्हटले, कारण बक्षीस पाठांतराचे होते आणि पाठांतर तिचे स्वतःचेच होते. चूक माझी होती, मोजल्याशिवाय आकडा दिला ती. हे मी तिच्यापुढे कबूल केले आणि आता आपणा सर्वांपुढेही करतो.

ते पत्र भिंतीवरून उतरवावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यातली शिकवण चांगली आहे आणि बापटांचे मराठी तर सुरेखच. फक्त खाली लिंकनच्या नावाने प्रसिद्ध असलेले पत्र, मराठी रूप वसंत बापट, अशी एक ओळ घालावी, आणि आपल्या मंडळाच्या निवेदकांनीही तसेच सांगावे, एवढी विनंती आहे. बुद्धीच्या देवतेच्या मंडपात एवढे तरी व्हावे.

यंदा आमची धाकटी ग्रेस बेडेलची हकीकत सांगणार आहे. तारखा तिने स्वतः तपासून वहीत लिहून ठेवल्या आहेत.

गणपती बाप्पा मोरया!